मुक्या पंगतीचा भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. पत्र्याचा, उंच माणसाहूनही लांब, एका टोकाला दोन बोटं जातील एवढा अरुंद आणि दुसऱ्या टोकाला घागरीच्या तोंडाएवढा रुंद. माझ्या अंगावर एक लांब काळा डाग आहे आणि कडेला एक पोचा आहे. सध्या माझा मुक्काम उत्तरेकडच्या लाकूडतोडीच्या मुलखातल्या टॅमरॅक गावच्या बंबखान्यात, लाल गाडीच्या मागच्या भिंतीवर असतो. उन्हाळ्यात एकदा गावजेवण होतं, तेव्हा मला खाली उतरवतात. मग गावातले धडधाकट गडी गाल फुगवून मला वाजवायला बघतात. बहुतेकांच्या फुंकरीतून आजारी वासराचा आवाज निघतो. मी मनावर घेत नाही. माणसांची हौस मोठी असते आणि छाती बेताची असते.

मधली बरीच वर्षं मी पन्हळ होतो. हसू नका. टोइवो नावाच्या एका शेतकऱ्याला मी जुन्या अडगळीत सापडलो. त्यानं मला आपल्या वाफेच्या न्हाणीच्या छपराला उलटा बांधला आणि पावसाचं पाणी माझ्यातून पिंपात सोडलं. टोइवो भला माणूस होता. त्याला नळी हवी होती आणि मी दिसायला नळीच होतो. पण ज्या तोंडानं साठ माणसांना जेवायला बोलावलं, त्या तोंडातून शेवाळ आणि पाइनच्या सुया गळताना पाहून मला फार वाईट वाटे. एके दिवशी टोइवोकडे पाहुणा आलेला, तरुणपणी रानात लाकूड तोडलेला एक म्हातारा न्हाणीतून बाहेर आला. कमरेला टॉवेल, अंगातून वाफा निघताहेत, आणि तो मला बघून तसाच थबकला.

"टोइवो!" तो ओरडला. "मेल्या, हिल्माबाईच्या भोंग्यातून गटाराचं पाणी सोडतोस?"

टॉवेल सांभाळायचं भान त्याला उरलं नाही. टोइवोची बायको आत पळाली. पण त्याच दिवशी मला खाली उतरवलं गेलं, आणि पुढे मी गावाच्या ताब्यात आलो. त्या म्हाताऱ्याच्या तोंडून जिचं नाव निघालं, तिचीच गोष्ट मला सांगायची आहे. माझं स्वतःचं आयुष्य त्यात येईलच. तिच्याशिवाय माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं फारसं नाही.

माझा जन्म टॅमरॅकच्याच पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. एलिएल कंगास नावाच्या आचाऱ्यानं मला बनवून घेतलं. लाकूडतोड्यांच्या तळावर तो स्वयंपाक करी. पत्रेवाल्यानं पत्रा गुंडाळला, कथलाचे डाग दिले, दोन्ही तोंडांच्या कडा वळवल्या आणि म्हणाला, "एलिएल, ह्यानं मेलेलाही उठेल." एलिएल म्हणाला, "मेलेला नको. स्वीडनचे आळशी उठले तरी पुरे."

तळ गावापासून बर्फावरच्या घसरगाडीनं दिवसभराच्या अंतरावर होता. चारी बाजूंना पांढऱ्या पाइनचं रान होतं. तिघांनी हात पसरले तरी कवेत न येणारी झाडं, आणि वर पाहिलं की टोपी पडायची. हिवाळ्यात तिथं इतकी थंडी पडे की झाडांची खोडं बंदुकीसारखी फुटत. त्या शांत हवेत माझा आवाज बर्फावरून कुठल्या कुठे पोचे. आज त्या रानाचे बुंधेसुद्धा उरलेले नाहीत, आणि ती तोडायला जाणाऱ्यांना पहाटे मीच उठवत होतो. त्या झाडांचं मला वाईट वाटतं. पण त्या माणसांचं कौतुक वाटतं, ते मी लपवणार नाही. दोघं दोन टोकांना करवत धरून अशी ओढायचे की भुसा झऱ्यासारखा पडे, आणि खुंटी रोवून सांगायचे, झाड इथंच पडेल. झाड तिथंच पडायचं आणि खुंटी जमिनीत जायची.

एलिएलची बायको हिल्मा. दोन हिवाळे तिनं नवऱ्याच्या हाताखाली काम केलं. तिसऱ्या शरदात, त्या हिवाळ्याचा तळ नुकताच उभा राहिला असताना, एलिएलला न्यूमोनियानं गाठलं आणि आठवड्यात तो गेला. रस्त्यावर अजून घसरगाडीपुरता बर्फ धरला नव्हता, दुसरा आचारी मिळायचा नव्हता, आणि साठ पोटं तर रोज भरावीच लागणार. मुकादम होता थॅडियस पिंगरी. मेन राज्याकडचा, उंच, सुकलेला, एक घाव दोन तुकडे करणारा माणूस. तो भटारखान्यात आला, टोपी हातात धरून उभा राहिला आणि म्हणाला,

"बाई, झालं ते वाईट झालं. तळ मोडेपर्यंत चूल तुमच्याकडे. पुढच्या हिवाळ्याचं वसंतात बघू. पण एक सांगून ठेवतो. आचारी नुसता रांधत नाही, पंगत धाकात ठेवतो. तुमच्यानं ते होणार नाही असं मला वाटतं."

"वाटू दे," हिल्मा म्हणाली. "पीठ संपत आलंय, दोन पोती पाठवा."

तिला ती चूल हवी होती, हे मी अगदी जवळून पाहिलं आहे. चूल गेली असती, तर खाणींच्या गावात तिच्या दिराची खाणावळ होती. दिरानं निरोप धाडला होता, की विधवा वहिनीला मी टाकणार नाही, धुणीभांडी आणि पोरं सांभाळायला हात हवाच आहे. शिवाय पगार घरच्या माणसाला कोण देतो! हिल्मानं तो निरोप ऐकला, चुलीत लाकूड सारलं आणि म्हणाली, "मी जिवंत असेतो नाही."

आता त्या पंगतीचा कायदा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. तळावर जेवताना बोलायचं नाही. लांब टेबलांवर साठ माणसं खांद्याला खांदा लावून बसत आणि टिनच्या ताटांवर काट्यांचा आवाज सोडला तर दुसरा आवाज नसे. पदार्थाचं नाव घेऊन मागता येई. 'काकवी.' 'पाव.' 'घेवडा.' एवढं म्हटलं की भांडं हातोहात पुढे सरके. त्यापलीकडे एक शब्द नाही. उत्तरेतल्या सगळ्याच तळांवर ही रीत होती, आणि ती काही उगीच पडली नव्हती. पाच भाषांचे गडी, दिवसभर कुऱ्हाड चालवून आलेले. एकानं टोमणा मारला की दुसऱ्याच्या हातात सुरी असायचीच. गप्प बसलं की जेवण गरम पोटात जाई आणि डोकी थंड राहत. मी भोंगा आहे. त्या भटारखान्यात जेवणाबद्दल मोठ्यानं बोलायचा अधिकार फक्त माझा होता, आणि त्याची मला घमेंडही होती.

हिल्माच्या हातात मी पहिल्यांदा आलो, तेव्हा तिनं माझं अरुंद तोंड आधी काखेत धरून ऊब दिली. कडाक्याच्या थंडीत पत्र्याला ओठ लावला तर कातडी सोलून निघते. ते एलिएलनं तिला शिकवलं होतं. पण एलिएलसारखी फुंक तिच्याकडे नव्हती. पहिल्या पहाटे मी नुसता फुरफुरलो. गड्यांच्या झोपडीतून हसू ऐकू आलं. तिनं मला खाली ठेवलं, थोडा विचार केला आणि पुन्हा उचललं. लहानपणी फिनलंडात ती गुरं राखायची, आणि तिकडे गुराखी भूर्जाच्या सालीचं शिंग वाजवून गुरांना घरी बोलावतात. तिनं माझ्यावर तीच हाक वाजवली. लांब, वळणं घेत वर जाणारी आणि शेवटी हळूच खाली उतरणारी. माझ्यात असा सूर आहे हे मलाच ठाऊक नव्हतं! माणसं डोळे चोळत बाहेर आली.

"ही तर गुरं हाकतेय," कुणीतरी म्हणालं.

मुकादमाचं कपाळ आक्रसलं. "बाई, माणसं आहेत ती."

"आली ना?" हिल्मा म्हणाली. "गुरांना दोनदा बोलवावं लागतं."

मुकादम आत जाऊन बसला.

नोव्हेंबर सरता सरता ओनेझिम थिबो तळावर आला. क्युबेककडचा फ्रेंच गडी, ठेंगणा, रुंद, मिशा मेणानं पिळलेल्या. कुऱ्हाड चांगली चालवायचा, पण जीभ त्याहून चांगली. उठल्यापासून झोपेपर्यंत त्याची टकळी चालू असे, आणि झोपेतही तो गोष्टी सांगतो अशी त्याच्या शेजारच्याची तक्रार होती. पंगतीचा कायदा त्याला सगळ्यांनी बजावला. त्यानं मान डोलावली. आणि पहिल्याच रात्रीच्या जेवणाला, पावाचा तुकडा मोडता मोडता त्याच्या तोंडून निघालं, "ह्यावरून आठवलं, आमच्या गावच्या पाद्र्याच्या मागे एकदा अस्वल लागलं होतं..."

मग कोण थांबवणार! पाद्री झाडावर चढला, अस्वल खाली बसलं, पाद्रीबुवा वरून त्याला उपदेश करू लागले, आणि अस्वल 'आमेन' म्हणाल्यासारखं हुंकारू लागलं. आधी एक टेबल हसलं, मग सगळी पंगत. एका आयरिशानं पाद्र्याची नक्कल केली, ती एका पोलंडच्या गड्याला झोंबली, आणि पाव उडाला. पावाच्या मागोमाग काकवीचं भांडं उडालं. माझ्या कडेला जो पोचा आहे तो त्या भांड्याचा.

मुकादमानं दोघांना मानगूट धरून बाहेर काढलं आणि परत येऊन हिल्मापुढे उभा राहिला. "पुरुष आचारी असता तर डावानं टाळकी शेकली असती. पुन्हा अशी गडबड झाली, तर टॅमरॅकहून माझ्या मेव्हण्याला बोलावतो. मग वसंतापर्यंत थांबायचं कारण नाही."

मुकादमाच्या मेव्हण्याला सगळे ओळखून होते. त्याचा घेवडा कच्चा आणि कॉफी धुण्याच्या पाण्यासारखी. पण मेव्हणा तो मेव्हणा.

ओनेझिमनं हे ऐकलं. सगळे गेल्यावर तो मिशा खाली पाडून चुलीपाशी आला.

"मादाम, माझ्या जिभेला हाड नाही."

"नसू दे," जमिनीवरची काकवी खरवडत हिल्मा म्हणाली. "तुला दात आहेत ना? दातांत धरून ठेव."

"माझ्यामुळे तुमची चूल जाणार नाही. आईची शपथ. टेबलावर माझ्या तोंडून पदार्थाच्या नावाखेरीज काही निघालं, तर तुम्ही घेवड्याचा हंडा पुरता त्या खड्ड्यात मलाही घेवड्याबरोबर पुरा."

"घेवड्याची चव जाईल," हिल्मा म्हणाली. पण ती हसली. एलिएल गेल्यापासून पहिल्यांदाच मी तिला हसताना पाहिलं.

आणि खरंच, ओनेझिमनं शब्द पाळला हं! बिचाऱ्याचे हाल बघवत नसत. तोंड बंद, पण डोळे मोकळे, म्हणून तो जेवताना सगळीकडे बघत राही. कुणाच्या मिशीत घेवडा अडकलाय, कुणाचा कप रिकामा आहे, छपराची कुठली फळी वाकडी आहे, सगळं. बोलायचं नाही म्हटल्यावर माणूस बघायला लागतो, हे मी त्याच्याकडून शिकलो.

हिल्माही बघत असे. तिला एकच कळून घ्यायचं होतं, की आपलं जेवण ह्यांना आवडतं का. शनिवारी ती बाहेरच्या खड्ड्यात निखारे भरी आणि घेवडा, खारवलेलं डुकराचं मांस, कांदा आणि काकवी घातलेला लोखंडी हंडा त्यात पुरी. रविवारी दुपारी तो उकरला, की वासानं कोल्हेसुद्धा रानाच्या कडेला येऊन बसत. पण चांगलं झालं म्हणून कोण सांगणार? टेबलावर बोलायचं नाही, आणि टेबलावरून उठले की सगळे हीऽ थंडी म्हणत झोपडीकडे पळत. ताटं पुसल्यासारखी लख्ख परत येत. पण भुकेला माणूस कशाचंही ताट पुसतो. ती रात्रीची भांडी घासताना माझ्याकडे बघून म्हणायची, "तू तरी सांग रे." मी काय सांगणार? माझ्यात दुसऱ्याचीच फुंक लागते.

जानेवारीतल्या एका रविवारी आग लागली. दुपारची वेळ, रानात कुणी नव्हतं, साठही जण पंगतीला होते आणि मुकादम आपल्या जागी, टेबलाच्या टोकाला होता. थंडी इतकी होती की हिल्मानं चूल सकाळपासून लाल ठेवली होती. धुरांड्याची नळी छपरातून जिथं बाहेर जाई, तिथं फळ्यांच्या मधे सुकं शेवाळ ठासलेलं होतं. ते आतल्या आत पेटलं. कुणाचं वर लक्ष नव्हतं. सगळ्यांचं लक्ष घेवड्यात होतं. वर बघत होता तो फक्त ओनेझिम.

त्यानं नळीच्या कडेला लाल ठिपका पाहिला. मी दाराजवळच्या खिळ्यावरून त्याचा चेहरा पाहत होतो. त्याचं तोंड उघडलं. मग त्यानं मुकादमाकडे पाहिलं, हिल्माकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं. मग अगदी शहाण्यासारखा म्हणाला,

"पाणी."

पाण्याचा जग हातोहात आला. त्यानं तो आपल्यापुढे ठेवला.

"पाणी," तो पुन्हा म्हणाला. दुसऱ्या टेबलावरचा जग आला. शेजाऱ्यानं त्याच्याकडे जरा चमकून पाहिलं. मांस खारट होतं खरं, पण इतकं?

वर आता ठिपक्याची रेघ झाली होती. "चहा!" ओनेझिम म्हणाला. "कॉफी! ताक!" भांडी भराभर येत होती. पंगतीतला कुणी का म्हणून विचारत नव्हता, कारण विचारायचं नसतं. मुकादमानं काटा खाली ठेवला आणि त्याच्यावर डोळे रोखले. तेव्हा ओनेझिम बाकावर चढला, मोठा जग दोन्ही हातांनी उचलला आणि छपराच्या दिशेनं फेकला. नेम चुकला. सगळं पाणी थॅडियस पिंगरीच्या डोक्यावर पडलं.

"अरे तुझ्या आयला!" मुकादम गरजला. त्या टेबलावर त्या दिवशी कायदा मोडला तो असा, खुद्द मुकादमानं. मग सगळ्यांनी वर पाहिलं.

हिल्मा ओरडली नाही. तिनं खिळ्यावरून मला ओढलं, घागरा खोचला आणि दाराबाहेर गेली. भटारखान्याच्या भिंतीला छपरापर्यंत बर्फ साचलेला होता, त्यावरून ती वर चढली. वरून बादल्या ओतून उपयोग नव्हता. पाणी उतारावरून वाहून जात होतं आणि आग फळ्यांच्या आत होती. तिनं माझं अरुंद तोंड धुमसणाऱ्या फटीत खुपसलं, रुंद तोंड वर धरलं आणि म्हणाली, "पाणी!"

मित्रांनो, त्यानंतर जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. साठ माणसं विहिरीच्या खड्ड्यापासून छपरापर्यंत एका ओळीत उभी राहिली. कुणी हुकूम दिला नाही, कुणी आरडाओरडा केला नाही. बादली हातोहात येत होती, जशी टेबलावर काकवी येते, आणि रिकामी बादली तशीच परत जात होती. रोज दोनदा एकमेकांच्या हाताकडे बघत जेवलेली माणसं ती. मधोमध मुकादम होता. त्याचा ओला शर्ट गोठून पापडासारखा कडक झाला होता आणि हात वाकवला की कडकड वाजत होता. माझ्या घशातून पाणी चालत होतं आणि बाहेरून ज्वाळा चाटत होत्या. माझ्या अंगावरचा काळा डाग तेव्हाचा. कथलाचा एक सांधा वितळला. पण शेवटी फटीतून नुसती पांढरी वाफ आली, आणि हिल्मा छपरावरच मटकन बसली.

खाली उतरल्यावर मुकादमानं ओनेझिमला धरलं.

"गाढवा, आग म्हणून ओरडता येत नव्हतं?"

"मुकादम, टेबलावर पदार्थाचंच नाव घ्यायचं, असा कायदा आहे," ओनेझिम म्हणाला. "आग कुठे पदार्थ आहे?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मुकादम हिल्माकडे वळला. तिचा चेहरा काजळीनं काळा झाला होता आणि भुवया अर्ध्या जळल्या होत्या.

"तुमच्या चुलीनं आग लावली," तो म्हणाला. "आणि तुम्हीच विझवली. फिटंफाट. वसंतात बघू."

हिल्मानं मान डोलावली. मला फार राग आला. एवढं करूनही वसंतात बघू! पण तो माणूसच तसा होता, तराजूसारखा. त्यानं मेव्हण्याला बोलावलंही नाही, हे मी त्याच्या बाजूनं सांगायला हवं. लोहारानं माझा सांधा जोडला, छपराला नवी फळी लागली, आणि हिवाळा पुढे चालला.

मार्च उलटला. बर्फाचा रस्ता दुपारी पाणी सोडू लागला, घसरगाड्या रुतू लागल्या. तळ मोडायची वेळ झाली. शेवटच्या दिवशी हिल्मानं हंडा उकरला, सुकी सफरचंदं भरलेले गोड रोट भाजले, आणि उरलेली सगळी साखर डोनटमध्ये घातली. आपली पेटी तिनं आदल्या दिवशीच भरून ठेवली होती. मी दाराशेजारी होतो. ती मला बाहेर घेऊन गेली, तोंडाला ऊब द्यायची आता गरज नव्हती, आणि तिनं ती गुराख्याची हाक इतकी लांब वाजवली की मला वाटलं, हिचा श्वास परत येतो की नाही.

पंगत बसली. सगळे जेवले. कुणीच उठेना, कारण मुकादम उठला नव्हता. मग तो उभा राहिला.

"उद्या मी गावात जाणार. कंपनीला सांगावं लागेल, की पुढल्या हिवाळ्यात चूल कुणाकडे. मी लाकडाचा मुकादम आहे, पोटं तुमची आहेत. कंगासबाई राहाव्यात की माझा मेव्हणा यावा, तुम्ही सांगा. आज टेबलावर बोलायला मोकळीक आहे. बोला."

कुणी बोललं नाही.

मला ओरडावंसं वाटत होतं. अरे बोला ना! हिवाळाभर हाडं गोठवून रांधलं हिनं! पण साठ माणसं आपापल्या ताटाकडे बघत बसली होती. हिवाळाभर त्या बाकावर बसून तोंडं जी मिटली होती, ती एका हुकुमानं उघडेनात. प्रत्येकाला वाटत होतं शेजारचा बोलेल, आणि शेजाऱ्याला वाटत होतं पलीकडचा. त्यात ती सगळी माणसं रानातली. झाडाची स्तुती करतील, घोड्याची करतील. बाईसमोर बाईची स्तुती कशी करायची, हे त्यांना त्यांच्या आयांनी शिकवलं नव्हतं.

हिल्मा चुलीकडे तोंड करून उभी होती. तिला आपल्या पाठीमागची शांतता ऐकू येत होती, आणि तिनं तिचा एकच अर्थ लावला. तिनं हळूहळू एप्रनची गाठ सोडली, एप्रन काढला, त्याची घडी घातली आणि ती चुलीच्या कठड्यावर ठेवली.

"बरं तर," मुकादम म्हणाला, आणि मला शपथेवर सांगावं लागेल, की त्याचा आवाज खाली गेला होता. "कुणाचं काहीच म्हणणं नसेल, तर..."

ओनेझिम उठला. चेहरा बीटासारखा लाल. अस्वलाला आमेन म्हणायला लावणारा तो गडी, दिवसाला हजार शब्द उधळणारा. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मिशा थरथरल्या. एकही शब्द सापडेना. मग त्यानं आपलं पुसून लख्ख केलेलं ताट दोन्ही हातांनी पुढे धरलं.

"घेवडा," तो म्हणाला.

हिल्मा वळली.

"घेवडा," त्याच्या शेजारचा आयरिश म्हणाला, आणि त्यानं ताट पुढे केलं. त्याचा पट्टा दोन भोकं सैल केलेला होता, त्याला घास जाणार नव्हता. "घेवडा." "इकडे घेवडा." "मलाही." काकवीचं भांडं फेकणारा पोलंडचा गडी, घोडेवाले, करवतीला धार लावणारा म्हातारा, सगळे. पोटाला तडस लागलेली साठ माणसं ताटं पुढे करून उभी राहिली आणि आपल्याला येत होता तेवढा एकच शब्द बोलत राहिली. सगळं छप्पर त्या एका शब्दानं भरून गेलं. मी एवढा मोठा भोंगा, पण तसा आवाज माझ्यातून कधीच निघाला नाही.

हिल्मानं घडी घातलेला एप्रन उचलला, त्यात तोंड पुसलं, खूप वेळ पुसलं, आणि तो पुन्हा कमरेला बांधला. मग डाव घेतला आणि एकेकाला वाढू लागली. हंड्याचा तळ दिसू लागला तेव्हा टेबलाच्या टोकाला थॅडियस पिंगरी उरला होता. त्यानं एकवार सगळ्यांकडे पाहिलं, घसा खाकरला आणि आपलं ताट पुढे सरकवलं.

"मेव्हण्याला कळवतो," तो म्हणाला. "वाढा, बाई."

त्या रानातला शेवटचा पाइन पडेपर्यंत ती चूल हिल्माकडे राहिली आणि मी तिच्या हातात राहिलो. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्या गावात कुठंतरी पडल्या असतील. त्यांना उचला, पुसा, आणि त्यांच्यामागे कुणाचे हात होते ते विचारा. आणि तुमच्या घरी, शाळेत, खाणावळीत जे कुणी तुम्हाला रोज वाढतं, त्याला जेवून उठण्याआधी काहीतरी बोला. शब्द सापडला नाही, तर निदान ताट पुढे करा.